हायक्रॉस हायब्रिड ही खरी इनोव्हा नव्हे म्हणतात, मग ती घ्यावी का?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जायला नको. तुमच्याकडे २०१३ ची डिझेल इनोव्हा आहे, २ लाख ८० हजार किलोमीटर झालेत. राहणं सांगलीत. महिन्यातून दोनदा पुणे, आणि मे महिन्यात व गणपतीला सगळं घर भरून राजापूरजवळच्या गावी. वडिलांचे गुडघे दुखतात. टोयोटाची नवी इनोव्हा हायक्रॉस, तीही हायब्रिड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला मोटर-बॅटरी असलेली), बघून आलात, घरच्यांना आवडली. पण गाडीतलं कळणारे मित्र म्हणाले की ही इनोव्हाच नव्हे, नुसतं नाव लावलंय; पुढची चाकं ओढतात, खाली चेसिस नाही, घाटात दम टाकेल, आणि बॅटरी गेली की लाखात खर्च. यातलं खरं किती, असं तुम्ही विचारलंत.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात गॅरेज चालवतो. क्वालिसच्या काळापासून या घराण्याच्या गाड्यांना हात लागलाय. हायब्रिडचं रीतसर प्रशिक्षण घेतलंय, हाय व्होल्टेजचे हातमोजे घालून काम केलंय. हायक्रॉस मात्र अजून बऱ्याचशा वॉरंटीत आहेत, त्यामुळे त्यांची मोठी कामं शोरूमलाच होतात. माझ्याकडे त्या टायर, अलाइनमेंट, ब्रेक यासाठी येतात आणि सेकंडहँड घेणारे तपासून घ्यायला आणतात. त्या गाड्यांखाली झोपून जे पाहिलं आणि घाटात चालवून जे कळलं, त्यावरून सांगतो.

माझ्या मते तुमच्यापुढे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि मित्रांनी ते एकात मिसळलेत. एक, ही गाडी जुन्या इनोव्हाच्या जातीची आहे का? दोन, तुमच्या घराचं काम ती करेल का? पहिल्याचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. दुसऱ्याचं उत्तर तुमची माणसं कुठे बसतात आणि गावच्या घराचा चढ कसा आहे यावर अवलंबून आहे. बॅटरीवर ते जवळजवळ अवलंबून नाही.

आधी मित्रांच्या बाजूनं बोलतो, कारण ते उगाच बोलत नाहीत. २००५ साली क्वालिसच्या जागी इनोव्हा आली तेव्हापासून २०१६ च्या क्रिस्टापर्यंत सांगाडा एकाच पद्धतीचा होता. खाली शिडीसारखी लोखंडी चेसिस, तिच्यावर बसवलेली बॉडी, पुढे उभं बसवलेलं इंजिन आणि तिथून शाफ्टनं मागच्या चाकांना ताकद. नोव्हेंबर २०२२ मध्ये हायक्रॉस दाखवली तेव्हा यातलं काहीच उरलं नव्हतं. बॉडी आणि चेसिस एकजीव, म्हणजे मोनोकॉक. इंजिन आडवं. शाफ्ट गेला, पुढची चाकं ओढू लागली. मागचा चार लिंकांचा एक्सल जाऊन टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा बीम, त्याबद्दल पुढे सांगतो) आला. डिझेल संपलं आणि दोन लिटरचं पेट्रोल इंजिन आलं, एका प्रकारात नुसतं आणि एका प्रकारात मोटर-बॅटरीसह. मेकॅनिकच्या नजरेनं बघाल तर ही दुसरीच गाडी आहे.

त्याच महिन्यात टोयोटानं आपल्या प्रियस या हायब्रिड कारची नवी, पाचवी पिढीही दाखवली होती. ज्या प्रियसला गाडीवेडे वर्षानुवर्षं नावं ठेवायचे, तिचा उतरता आकार आणि नवा जोर बघून तेच लोक कौतुक करायला लागले. २०२४ चा ‘वर्ल्ड कार डिझाइन ऑफ द इयर’ तिला मिळाला. गंमत अशी की त्या प्रियसच्या मोठ्या इंजिनवाल्या प्रकारात आणि आपल्या हायक्रॉस हायब्रिडमध्ये इंजिन एकाच कुळातलं आहे, एम२०ए-एफएक्सएस. तिकडे टाळ्या आणि इकडे नाराजी, कारण दोन्हीकडे लोकांची अपेक्षा वेगळी होती. प्रियसकडून कुणाला काही नकोच होतं, इनोव्हाकडून सगळ्यांना सगळं हवं होतं. आपल्याकडे इनोव्हा म्हणजे लग्नाची गाडी, दवाखान्याची गाडी, पंढरपूरला नेणारी गाडी. तिची चेसिस काढली तर माणसं रागावणारच, आणि तो राग मला समजतो.

आता घाट. राजापूरला जाताना तुम्ही अणुस्कुऱ्यानं उतरत असाल, म्हणून तोच डोळ्यासमोर ठेवतो.

चढावर गाडीचं वजन मागे सरकतं. मागच्या रांगेत माणसं आणि त्यांच्या पाठीशी सामान असेल तर आणखी मागे. जुन्या इनोव्हाची ओढणारी चाकं मागेच होती, त्यामुळे ती जितकी भरावी तितकी रस्ता घट्ट धरायची. हायक्रॉसमध्ये उलट होतं. गाडी भरली आणि चढ लागला की ओढणाऱ्या चाकांवरचंच वजन हलकं होतं. डांबरी घाटात, पाऊस असला तरी, टायर चांगले असतील तर याचा काही त्रास नाही. मी सात माणसांसह आंबा घाट भर जुलैत चढलोय, एकदाही चाक फिरलं नाही. तेव्हा ‘घाटात दम टाकेल’ हे मित्रांचं म्हणणं डांबरी रस्त्यापुरतं मी मान्य करणार नाही.

अडचण घाटात नसून घाट उतरल्यावर आहे. कोकणातल्या घरापर्यंत जाणारी शेवटची दीडशे फुटांची चढण तुम्हाला ठाऊकच आहे: दोन्ही बाजूला जांभ्याचा गडगा, मध्ये लाल माती, श्रावणात वर शेवाळ. गेल्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाची हायक्रॉस घेऊन मी त्यांच्यासोबतच गावी गेलो होतो. गाडीत सात माणसं आणि मागे गणपतीचं सामान. चढाच्या मध्यावर पुढचं डावं चाक जागीच फिरलं. लगेच डॅशबोर्डवर घसरण्याचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला, ट्रॅक्शन कंट्रोलनं ताकद कापली आणि गाडी थांबली. पेडल दाबून काही होईना, कारण गाडी स्वतःच ताकद देत नव्हती. शेवटच्या रांगेतली तिघं उतरली, सामान उतरवलं, गाडी हळूच खाली सपाटीवर घेतली आणि न थांबता एका दमात वर नेली. गेली. पण जुनी डिझेल इनोव्हा तिथे माणसं न उतरवता गेली असती, हे मी शपथेवर सांगेन.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुढची चाकं ओढणारी गाडी चढावर अडकली तर आपल्याकडे जुनी युक्ती आहे, गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवायची, म्हणजे वजन ओढणाऱ्या चाकांवर येतं. या हायब्रिडमध्ये त्या युक्तीवर विसंबू नका. हिला रिव्हर्सचा वेगळा गिअरच नाही. मागे जाताना फक्त मोटर उलटी फिरते, इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचत नाही. पार्किंगमध्ये किंवा छोट्या उतारावर काही कळत नाही. भरलेली गाडी आणि लांब, उभा चढ असेल तर मात्र तिचा जोर पुढे जाण्यापेक्षा कमी पडतो.

म्हणून तुमच्या गावच्या घरापर्यंत सिमेंटचा रस्ता झाला असेल तर हा सगळा परिच्छेद विसरा. अजून मातीच असेल आणि गणपतीला गाडी दारात न्यायचीच असेल, तर निर्णय इथेच बदलू शकतो.

पिकअपचं बोलू. तुमच्या २०१३ च्या गाडीत अडीच लिटरचं डिझेल आहे, ताकद १०२ पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरच समजा), टॉर्क म्हणजे ओढण्याचा जोर २०० न्यूटन मीटर. हायक्रॉस हायब्रिडचं नुसतं इंजिन १५२ पीएसचं आहे आणि मोटर धरून एकूण १८६. मोटरचा २०६ न्यूटन मीटरचा टॉर्क पहिल्या फेरीपासून हजर असतो, टर्बो भरायची वाट बघावी लागत नाही. त्यामुळे हेअरपिन वळणावर गाडी जवळजवळ थांबून पुन्हा निघते तेव्हा ती तुमच्या जुन्या गाडीपेक्षा सहज निघते. लांब चढावर पेडल दाबून ठेवलं की बॅटरी हळूहळू उतरते, मग मोटरची जादा मदत आटते. पण तेव्हाही इंजिनाचे १५२ उरतातच, म्हणजे तुमच्या आजच्या गाडीच्या दीडपट. क्रिस्टाशी तुलना केलीत तर गोष्ट जवळ येते, तिचं २.४ लिटरचं डिझेल १५० पीएस आणि ३४३ न्यूटन मीटरचं आहे, आणि भरलेली गाडी कमी फेऱ्यांवर ओढण्यात ते आजही सरस आहे.

गाडीवेड्यांची मोठी तक्रार आवाजाची असते. चढावर पेडल दाबलं की इंजिन एकदम वर जातं आणि एकाच सुरात ओरडत राहतं, गाडी मात्र सावकाश वेग घेते. पहिल्यांदा चालवणाऱ्याला वाटतं क्लच घसरतोय. घसरायला यात क्लच नाही, आणि नावात सीव्हीटी (एरवी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असलं तरी पट्टाही नाही. आत एक ग्रहमालेसारखी गिअरची रचना आहे. मधला गिअर एका मोटरला, बाहेरची रिंग चाकांकडे आणि फिरणारे छोटे गिअर इंजिनाला जोडलेले. संगणक त्या मधल्या गिअरच्या मोटरचा वेग कमीजास्त करतो आणि त्यामुळे इंजिन चाकांच्या वेगापासून मोकळं राहतं. म्हणून चढावर ते आपल्या सोयीच्या फेऱ्या धरून बसतं. आवाज येतो हे खरं, तो कानाला गोड नाही हेही खरं. पण ते बिघाडाचं लक्षण नाही. उलट मेकॅनिक म्हणून मला ही रचना आवडते. क्लच प्लेट नाही, स्टार्टर मोटर नाही, अल्टरनेटर नाही, त्याचा पट्टा नाही. तुमच्या आजच्या गाडीत मी बारा वर्षांत जे बदललं असतं त्यातल्या निम्म्या वस्तू यात नाहीतच.

घाट उतरण्याची पद्धत मात्र नव्यानं शिकावी लागेल. उतारावर पेडल सोडलं की मोटर जनरेटर होते आणि बॅटरी भरते. पण बॅटरी लहान आहे. अणुस्कुऱ्यासारख्या घाटात ती अर्ध्यातच भरून जाते. भरली की मोटरचा तो रोध कमी होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. अशा वेळी लिव्हर ‘डी’वरून काढून इंजिन-ब्रेकच्या स्थितीत टाका. मग इंजिन पेट्रोल न घेता फिरवलं जातं आणि आपण डिझेलमध्ये दुसऱ्या गिअरवर उतरतो तसा धरून ठेवण्याचा जोर मिळतो. त्या वेळी आपोआप घुर्र आवाज येतो, त्याला घाबरून लोक पुन्हा ‘डी’वर टाकतात आणि मग खाली पोचेपर्यंत ब्रेक तापवतात. तसं करू नका. सपाटीला त्या स्थितीची गरज नाही, तिथे ‘डी’च बरा.

बॅटरीकडे येतो, कारण सगळ्यात जास्त भीती तिचीच घातली जाते. हायक्रॉसची बॅटरी निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची आहे. मोबाईलमध्ये असते ती लिथियमची, ही नव्हे. हा प्रकार जुना आणि जड आहे, पण सोशिक आहे. पहिली प्रियस जपानमध्ये १९९७ साली याच प्रकारची बॅटरी घेऊन आली, आणि आपल्याकडे २०१३ पासून टोयोटाच्या बिडदीच्या कारखान्यात जोडली जाणारी हायब्रिड कॅम्रीही याच प्रकारावर चालत होती. गाडी ही बॅटरी कधी पूर्ण भरत नाही आणि कधी पूर्ण रिकामी होऊ देत नाही, मधल्या पट्ट्यातच खेळवते. म्हणून ती टिकते. कंपनी हिला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर यातलं जे आधी होईल तोवर वॉरंटी देते. तुमचं आजचं रनिंग बघता तुम्ही आधी ८ वर्षंच गाठाल.

तिला मारतो तो धुरळा आणि उष्णता. या बॅटरीला गार ठेवणारी हवा केबिनमधूनच ओढली जाते, आणि त्या जाळीवर लोक पिशवी ठेवतात, चटई सरकवतात. माझ्याकडे एक जुनी हायब्रिड सेडान आली होती, बॅटरी तापल्याची सूचना देत. जाळी उघडली तर आत कुत्र्याच्या केसांची गादी जमली होती, बोटभर जाडीची. पंखा फिरत होता पण हवा जातच नव्हती. साफ केलं, आठवडाभर चालवून बघितली, सूचना गेली. मालक बॅटरी बदलायची मनाची तयारी करून आले होते. तेव्हा गाडी ताब्यात घेताना विक्रेत्याला जाळी कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा आणि दर सर्व्हिसला ती साफ केलीय का ते विचारा.

लोक मोठ्या बॅटरीला घाबरतात, रस्त्यात मात्र अडवते ती छोटी, १२ व्होल्टची. गाडीचे संगणक जागे करायचं काम तिचं. ती बसली की मोठी बॅटरी कितीही भरलेली असो, डॅशबोर्डवर ‘रेडी’ येत नाही आणि गाडी जागची हलत नाही. एक गिऱ्हाईक पाच आठवडे मुलीकडे परदेशात होते, परत आले तर गाडी बंद. जंप केबल लावल्यावर दोन मिनिटांत चालू झाली, पण तोवर त्यांनी ओळखीच्या चार जणांना हायब्रिड घेऊ नका म्हणून सांगून टाकलं होतं. गाडी उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास ‘रेडी’त ठेवा, आणि डिकीत जंप केबल असू द्या.

ऑइलचंही सांगून ठेवतो. हिचं इंजिन ऑइल पाण्यासारखं पातळ, झिरो डब्ल्यू सोळा ग्रेडचं लागतं. डिझेल इनोव्हाची सवय असलेला एखादा मिस्त्री ‘एवढं पातळ चालतं होय?’ म्हणून जाड ऑइल भरतो. भरू देऊ नका.

इथवरचं थोडक्यात असं: गाडी वेगळ्या जातीची आहे हे मित्रांचं बरोबर, डांबरी घाटाबद्दल चूक, मातीच्या चढाबद्दल बरोबर, बॅटरीबद्दल बहुतांशी चूक. आता ज्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत ते सांगतो.

ते म्हणजे तिसरी रांग. दोन चाकांमधलं अंतर क्रिस्टाच्या २७५० मिलिमीटरवरून २८५० झालं, त्यामुळे मागे पायाला जागा खरोखर वाढली. लांबी मात्र २० मिलिमीटरनंच वाढली, म्हणजे गल्लीत वळवायला फारसा फरक नाही. चेसिसची जाडी गेल्यानं फ्लोअर खाली आला. तुमच्या वडिलांना चढताना गुडघा पूर्वीइतका उचलावा लागणार नाही. मधल्या रांगेत बसणाऱ्यासाठी ही गाडी जुनीपेक्षा नक्की चांगली आहे, वळणावर कलतेही कमी. पण मागचा टॉर्शन बीम म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एक आडवा पीळ घेणारा बीम. एका चाकाखाली खड्डा आला की धक्क्याचा काही भाग दुसऱ्या बाजूलाही जातो. पुढे बसणाऱ्याला ते समजत नाही, मधल्यांना थोडं समजतं, तिसऱ्या रांगेतल्याला मात्र आपण चाकावर बसलोय असं वाटतं. क्रिस्टाही मागे रिकामी असताना उडायची, पण भरल्यावर शांत व्हायची. ही भरल्यावरही खड्ड्याची खबर देते. तिसऱ्या रांगेत शाळकरी मुलं बसणार असतील तर प्रश्न नाही. तिथे आत्या किंवा काकू बसणार असतील आणि त्यांची पाठ दुखत असेल, तर ते आधी बघा.

पैशाचं गणित मी गिऱ्हाइकाला कागदावर करून देतो, तसंच इथे करतो. जुन्या गाडीच्या एकूण किलोमीटरवरून वर्षाची सरासरी जास्त येते, पण तुम्ही सांगितलेल्या आजच्या फेऱ्या धरल्या तर रनिंग वर्षाला १६,००० किलोमीटरच्या आसपास दिसतं. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि डिझेल ९१ धरतो. कंपनीचा दाखला लिटरला २३.२४ किलोमीटरचा आहे, तो बाजूला ठेवा. माझ्या गिऱ्हाइकांच्या हायब्रिड टाकी ते टाकी मोजल्यावर शहर आणि हायवे मिळून १६ ते १७ देतात. नुसती पेट्रोल हायक्रॉस साडेदहा देईल, डिझेल क्रिस्टा १२. म्हणजे किलोमीटरला हायब्रिड ६ रुपये ३५ पैसे, डिझेल साडेसात, पेट्रोल १० रुपये.

हायब्रिड आणि पेट्रोल यांच्यात किलोमीटरला साडेतीन रुपयांहून थोडा जास्त फरक पडतो. पण हायब्रिडचे प्रकार वरच्या सोयींसह येतात, त्यामुळे रस्त्यावर येईपर्यंत साधारण ६ लाखांचं अंतर धरून चाला. ते ६ लाख फक्त इंधनातून वसूल व्हायला १ लाख ६५ हजार किलोमीटर लागतील, म्हणजे तुमच्या रनिंगनं दहा वर्षं. माझ्याकडे टुरिस्ट परमिटवर हायक्रॉस चालवणारे एक जण आहेत, ते वर्षाला ६०,००० करतात. त्यांचा हिशेब तीन वर्षांत बसला. तुमचा तसा बसणार नाही. तुम्ही हायब्रिड घेतलीत तर ती शहरातल्या शांततेसाठी आणि गिअर न बदलण्याच्या सुखासाठी घ्या. ते सुखही पैसे देण्याजोगं आहे, फक्त त्याला बचत म्हणू नका.

ॲव्हरेजबद्दल अजून एक. डिझेलची सवय अशी की हायवेला जास्त आणि गावात कमी. हायब्रिडचं उलटं असतं. सांगलीत सिव्हिलसमोरच्या गर्दीत ती मोटरवर चालते आणि उत्तम देते. पेठ नाक्याला हायवेला लागून १२० नं गेलात तर मोटरचं काम कमी होतं आणि आकडा १४-१५ वर उतरतो. ९० धरलात तर पुण्यापर्यंत फरक तुम्हालाच डॅशबोर्डवर दिसेल. पेट्रोल पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं, गाडी त्यासाठी बनलेली आहे, पण इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्यानं थोडं ॲव्हरेज जातंच.

सांगलीकर म्हणून तुम्हाला पुराचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१९ आणि २०२१ ला आपण दोघांनीही काय बघितलंय ते सांगायला नको. कृष्णेची पातळी वाढल्याची बातमी आली की ही गाडी आधी उंचावर न्या. तुमच्या जुन्या डिझेलच्या सीटपर्यंत पाणी आलं तर इंजिन उघडून, वायरिंग सुकवून ती पुन्हा उभी करता येते. आम्ही तशा कितीतरी उभ्या केल्यात. हायब्रिडमध्ये पाणी सीटपर्यंत आलं तर स्टार्टचं बटण दाबून बघू नका, नारिंगी रंगाच्या केबलना कुणालाही हात लावू देऊ नका, टो करूनच न्या आणि तेही पुढची चाकं उचलून, कारण चाकं फिरली की मोटर वीज तयार करते. विमा घेताना इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर घ्या आणि त्यात हायब्रिड बॅटरी व इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला देणारा गाडीतला भाग) धरलेत का ते पॉलिसीत लिहून आलंय याची खात्री करा. एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका.

तर मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं? शेवटच्या रांगेत वर्षातून दोनदाच माणसं बसतात आणि गावच्या घरापर्यंत पक्का रस्ता आहे, तर हायब्रिड घेतली असती, सगळ्यात वरचा प्रकार नव्हे, हायब्रिडमधला खालचा. घरापर्यंत मातीच असेल आणि मागची रांग दर महिन्याला भरत असेल, तर क्रिस्टा बघितली असती. ती २०२३ मध्ये पुन्हा आली ती फक्त डिझेलमध्ये आणि फक्त मॅन्युअल गिअरमध्ये, हे घरात चालवणाऱ्या सगळ्यांना विचारून घ्या. आणि घाई अजिबात केली नसती. तुमच्या गाडीचं रजिस्ट्रेशन २०२८ पर्यंत आहे, त्या इंजिनात अजून जीव असतो. इंजेक्टर आणि सस्पेन्शनचे बुश एकदा तपासून घेतले तर आणखी दोन गणपती ती आरामात करेल.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. शोरूमवाले गुळगुळीत रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून आणतात, त्यात काही कळत नाही. आई-वडिलांना मधल्या रांगेत बसवा, तुम्ही स्वतः तिसऱ्या रांगेत बसा आणि चालवायला भावाला द्या. गाडी तुमच्या घराकडच्या सगळ्यात खराब रस्त्यानं न्यायला सांगा, नाही म्हणाले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. वडिलांना दोनदा उतरून चढायला लावा, दुसऱ्यांदा ते दाराची दांडी कशी धरतात ते बघा. आणि गावच्या घराच्या चढाचा एक फोटो, खाली उभं राहून वर बघत काढलेला, इथे टाका. तो बघून टायर कोणते घ्यायचे आणि तिथे ही गाडी चढेल की नाही हे मी नेमकं सांगतो.